आधी विश्वास, मग लस



साथ आली की रोगाबरोबर अफवाही पसरते. रोगावर डॉक्टर औषध देतात. अफवेवरचा उतारा मात्र आपल्यालाच, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच द्यावा लागतो. तो कसा द्यावा आणि कसा देऊ नये, हे मुंबईच्या प्लेगच्या इतिहासात स्पष्ट दिसते. आजच्या पाठात आपण त्याचाच विचार करू.

बळजबरीचा परिणाम

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. हे डॉक्टर मूळचे गोव्यातील हडफडे गावचे कॅथलिक. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले.

सरकारने कडक उपाय योजले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरांच्या झडत्या, रोग्याला उचलून इस्पितळात नेणे, घरच्यांना छावणीत ठेवणे, सामान जाळणे असे प्रकार सुरू झाले. रोग आटोक्यात आणणे हा हेतू चांगलाच होता. पण हे सर्व कशासाठी चालले आहे, ते लोकांना कोणी नीट समजावून सांगितले नाही. बायकामाणसांची अब्रू, जातीपातीचे रिवाज, मृतांचे अंत्यसंस्कार यांची कदर राखली गेली नाही.

परिणाम काय झाला? इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे त्याला मारतात, अशी अफवा पसरली. बरेच रोगी अगदी शेवटच्या अवस्थेत तेथे पोचत आणि दगावत, त्यामुळे अफवा खरी वाटू लागे. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. लोक रोग्यांना लपवू लागले. लाखो माणसे शहर सोडून गेली आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव पोचला. पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरले. तो संताप इतका वाढला की २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे सरकारलाच धोरण बदलावे लागले. झडत्या सैल केल्या गेल्या, निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांची मदत घेतली गेली आणि त्यांना स्वतःची इस्पितळे चालवू दिली गेली.

विश्वास कसा जोडला गेला

याच काळात डॉ. वाल्डेमार हाफकिन मुंबईत प्लेगची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. टोचल्यावर ताप येई, हात दुखे. साहजिकच लोक बिचकत. तेव्हा तरुण आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर लस टोचून घेतली. डॉ. व्हिएगस यांनी सुमारे १८,००० लोकांना स्वतः लस टोचल्याचे सांगितले जाते. सरकारी हुकमापुढे न नमणारी माणसे आपल्या ओळखीच्या, आपल्या दुखण्याखुपण्यात धावून येणाऱ्या माणसाचे ऐकत होती.

पण विश्वास फार नाजूक असतो. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला. चूक प्रयोगशाळेत झाली नव्हती, एका बाटलीत गावातच दूषित अंश गेला असावा, हे मान्य होऊन त्यांच्यावरील ठपका दूर व्हायला १९०७ साल उजाडले. इतकी वर्षे शंका तशीच राहिली. अपघात घडला तर तो ताबडतोब उघड करून चौकशी करणे, हाच लोकांचा विश्वास टिकवण्याचा मार्ग आहे. परळ येथील त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

कोविडचा काळ

एकशे पंचवीस वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा उभे राहिले. जानेवारी २०२१ मध्ये भारतात कोविडचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा मोबाइलवर हरतऱ्हेच्या अफवा फिरत होत्या. काही लसींच्या निर्मितीत वा चाचणीत फार पूर्वीच्या गर्भपातातून मिळालेल्या पेशींचा संबंध होता, म्हणून अनेक श्रद्धावंतांच्या मनाला टोचणी लागली होती. ही शंका अफवा नव्हती, ती सदसद्विवेकबुद्धीची शंका होती. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने डिसेंबर २०२० मध्ये तिला सरळ उत्तर दिले. निर्दोष पर्याय उपलब्ध नसताना अशी लस घेणे नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह आहे. लस ऐच्छिक असावी. मात्र जो ती नाकारतो त्याने आपल्यामुळे दुसऱ्याला रोग होऊ नये याची सर्व काळजी घ्यावी. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी स्वतः लस घेतली आणि तिला प्रेमाचे कृत्य म्हटले. शंका घेणाऱ्याला गप्प न बसवता त्याचे समाधान करण्याची ही रीत आपण ध्यानात ठेवावी.

आपण काय करावे?

१. आधी ऐकावे. लस नको म्हणणाऱ्या आईला ‘का?’ असे विचारावे. कोणाला तापाची भीती असते, कोणाची दिवसाची मजुरी बुडते, कोणाला पूर्वी दवाखान्यात अपमान सोसावा लागलेला असतो. प्रत्येकाला वेगळे उत्तर लागते.

२. होणारा त्रास आधीच सांगावा. ‘काही होत नाही’ म्हटले आणि रात्री बाळाला ताप आला, तर पुढच्या डोसला ती आई येणार नाही.

३. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणावे आणि डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारून दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन जावे.

४. आपल्या बोलीत, ओळखीच्या माणसाने सांगावे. पत्रकापेक्षा शेजारीण अधिक समजावू शकते.

५. कोणाला अडाणी म्हणून हिणवू नये. दुखावलेला माणूस सत्यही ऐकत नाही.

हे केवळ जुन्या साथींपुरते नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि काही बालके दगावली. गोवराची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. साथ रोखायची तर शंभरातील सुमारे ९५ बालकांना दोन्ही डोस मिळायला हवेत. म्हणजे मागे राहिलेली थोडीशी घरेही महत्त्वाची आहेत, आणि त्यांपैकी एखादे आपल्याच आळीत असू शकते.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाडीत कोणत्या कुटुंबातील बालकांचे डोस राहून गेले आहेत? त्यामागचे कारण आपण त्यांना विचारले आहे काय?

२. मोबाइलवर आलेला आरोग्यविषयक संदेश पुढे पाठवण्यापूर्वी आपण कोणाकडून खात्री करून घेतो?

३. त्या घरी बोलायला आपल्यापैकी कोणी जावे? त्यांचा विश्वास कोणावर आहे?