माळ्यावरचं नाटकाचं पोस्टर: विकायच्या आधी त्याची तारीख शोधा

कालच्या व्हिडिओखाली मालवण, कुडाळकडच्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय. गावचं घर दुरुस्तीला काढलं, माळ्यावरच्या ट्रंकेत नाटकांची जुनी पोस्टर सापडली. भंगारवाला किलोवर मागतोय, एक 'जुन्या वस्तूवाला' सगळ्या ट्रंकेचे दोन हजार म्हणतोय, आणि घरातली म्हातारी माणसं म्हणतायत, "ह्या कागदाक कोण पैसे देतलो?" काय करायचं?

पहिलं, आज काहीच विकायचं नाही. ट्रंकेत नक्की काय आहे हे तुम्हाला माहीत नसेल आणि समोरच्याला माहीत असेल, तर भाव तोच ठरवणार.

उदाहरण 'वस्त्रहरण'चं घेऊ. गंगाराम गवाणकरांचं हे मालवणी नाटक 1980 साली रंगमंचावर आलं, मच्छिंद्र कांबळींचे तात्या सरपंच घराघरांत पोचले, आणि प्रयोग पाच हजारांवर गेले. आता नीट विचार करा. एवढे प्रयोग म्हणजे पोस्टरही भरपूर छापली गेली असणार. मग ते दुर्मीळ कसं? कारण पोस्टर जपून ठेवण्यासाठी कोणी छापत नाही. खळ लावून भिंतीवर चिकटवायचं, प्रयोग झाला की त्यावर दुसरं. भिंतीवर गेलं ते संपलं. उरतं ते न चिकटवलेलं: आयोजकाच्या घरी, मंडळाच्या कपाटात राहून गेलेलं. तुमचे आजोबा नाट्यमंडळात होते का, जत्रेला नाटक आणायचे का, हे आधी घरात विचारा. कागद तुमच्या घरी कसा आला हे सांगता आलं, तर गिऱ्हाईक निम्मं पटलं.

आता तारीख. जुन्या पोस्टरवर बहुतेक वेळा वार आणि तारीख असते, साल नसतं. आयोजकाला त्याची गरजच नव्हती. पण साल काढता येतं, आणि यातच खरी कमाई आहे.

समजा पोस्टरवर आहे: 'वस्त्रहरण, शनिवार ता. 10 मे, मालवण, जि. रत्नागिरी'. मोबाइलमधलं कॅलेंडर मागे न्या. 10 मे शनिवारी आला तो 1969, 1975, 1980 आणि 1986 मध्ये. पहिल्या दोन सालांत हे नाटकच नव्हतं. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 ला, म्हणजे 1986 च्या पोस्टरवर 'जि. सिंधुदुर्ग' हवं. जुन्या सवयीने वर्ष-दोन वर्षं कोणी रत्नागिरी छापलं असेल, पण पाच वर्षं कठीण. उरलं 1980, नाटकाचं पहिलंच वर्ष! तेच पोस्टर 'जुनं आहे हो' म्हणून विकलं तर एक भाव, आणि 'पहिल्या वर्षातला मालवणचा प्रयोग, हा घ्या हिशोब' म्हणून विकलं तर वेगळा.

अशा खुणा बऱ्याच असतात. तिकीट दर आण्यांत असेल तर पोस्टर साधारण 1957 च्या आधीचं, कारण दशमान नाणी त्या वर्षी एप्रिलमध्ये आली. 'नये पैसे' छापलं असेल तर 1957 ते 1964 च्या आसपासचं. पत्त्यात पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचंच. तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असतं, तेही टिपून ठेवा.

दशावतारवाल्यांसाठी एक गोष्ट. जत्रेतल्या दशावताराला लिहिलेली संहिता नसते, नट संवाद तिथल्या तिथे रचतात. त्यामुळे कुठल्या मंडळाने कुठे कुठलं आख्यान केलं याचा छापील पुरावा म्हणजे एखादं हँडबिल नाहीतर पत्रिका. दिसायला साधी, एका रंगाची. ती रद्दीत टाकू नका. अभ्यासकाला तीच हवी असते.

अस्सल की नंतरची कॉपी? दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ऑफसेट छपाईतल्या फोटोत ठिपके एका रांगेत, ठरावीक नक्षीत दिसतात. घरगुती इंकजेटवर शाईचे विस्कळीत शिंतोडे दिसतात. खिळे जुळवून छापलेलं असेल तर कागदाच्या पाठीवरून बोट फिरवा, अक्षरांचा हलका उठाव लागतो.

आता माझा गाढवपणा सांगतो. सुरुवातीला माझ्याकडे एक जुनं पोस्टर आलं. कडा फाटलेल्या, घडीवर डाग. मी हौसेने ओल्या फडक्याने पुसलं, मागून चिकटपट्टी मारली आणि लॅमिनेट करून आणलं. चकाचक! घेणाऱ्याने हातात घेतलं, उलटं केलं आणि परत दिलं. म्हणाला, "फाटकं असतं तर घेतलं असतं." लॅमिनेशन निघत नाही आणि कागदाची पाठ तपासता येत नाही. तेव्हा पुसू नका, चिकटवू नका, लॅमिनेट तर मुळीच नको. प्रयोगाची वेगळी पट्टी खाली चिकटवली असेल तर तीही राहू द्या, तोच पुरावा. आपल्याकडचे खरे शत्रू म्हणजे दमट हवा, कसर आणि वाळवी. मधे बटरपेपर घालून, आडवं, पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून वर ठेवा. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलं तर बुरशी आलीच म्हणून समजा.

आणखी एक अवघड विषय, व्हिडिओत मी तो टाळला होता. घर सामाईक आहे ना? मग ट्रंकही सामाईक. काका, आत्या, मुंबईचे भाऊ, सगळ्यांना फोटो पाठवा आणि 'विकायला हरकत नाही' हे लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. आज दोन हजारांना कोणी विचारत नाही. उद्या वीस हजार आले की सगळ्यांना आजोबा आठवतात.

भाव ठरवताना इंटरनेटवर लोकांनी मागितलेल्या किमती बघू नका, झालेल्या विक्रीच्या बघा. मागायला काय, कोणी लाखही मागेल. लिलावात द्यायचं तर कमिशन आधी विचारा. समजा 20,000 ला गेलं आणि कमिशन 15 टक्के, तर 3,000 तिथेच गेले. पाठवणी, विमा, फोटो यांचे आणखी हजार धरा. हातात 16,000. हा आकडा चालत असेल तरच हो म्हणा.

गिऱ्हाईक शेजारी शोधू नका. नाटकाची कागदपत्रं जमवणारे मुंबई-पुण्यात आहेत. तारकर्लीतल्या होमस्टेला, शहरातल्या मालवणी खानावळीला भिंतीवर लावायला असं काही हवं असतं, पण त्यांना बऱ्याचदा चांगली प्रतही चालते. अस्सल कागदाचे पैसे देणारा संग्राहकच. तिसरं गिऱ्हाईक म्हणजे आपला चाकरमानी. चतुर्थीला गावी आला की त्याला आपल्या गावच्या प्रयोगाचं पोस्टर दाखवा.

प्रती छापून विकायचा मोह होईल. थांबा. कागद तुमचा आहे, त्यावरच्या चित्राचा हक्क तुमचा नाही. कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं चालतो. मूळ पोस्टर विकायला अडचण नाही. त्याचे टी-शर्ट, मग काढायचे तर हक्कदाराची लेखी परवानगी हवी. आणि कागद शंभर वर्षांच्या पुढचा निघाला तर 1972 चा पुरावस्तू कायदा लक्षात घ्या: अशा कलावस्तू परदेशी पाठवता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. बाबूराव पेंटरांचा 'कल्याण खजिना' 1924 चा, म्हणजे त्या काळातली सिनेमाची पोस्टर आता शंभरीत आली. दुबईतला भाचा "पाठव रे इकडे" म्हणाला तरी आधी चौकशी करा.

पाठवताना घडी घालायची नाही. बटरपेपरसह सैल गुंडाळी करून रुंद पीव्हीसी पाइपमध्ये घाला, दोन्ही टोकांना झाकण, बाहेरून प्लॅस्टिक, आणि विमा. पाइपमध्ये घालण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा आणि प्रत्येक फाटीचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवा, 'पाहिलं, मान्य' असं उत्तर आलं की मगच पोस्टात जा.

या रविवारी ट्रंक उघडाल तेव्हा एका वहीत प्रत्येक पोस्टरला एक ओळ द्या: नाटक, गाव, वार-तारीख, जिल्हा काय छापलाय, तिकीट दर, छापखाना. साल निघत नसेल तर ती ओळ खाली कमेंटमध्ये टाका, फोटो नको. आपण मिळून काढू.