कर्ज डोक्यावर, तरी नवे खेळाडू?

प्रश्न : २०२१मध्ये बार्सिलोना या फुटबॉल क्लबवर एक अब्ज युरोंहून जास्त कर्ज होतं, मेस्सीला ठेवता आलं नाही. मग वर्षभरात लेवांडोव्स्कीला घ्यायला पैसे कुठून आले? हिशेबात लबाडी तर नाही ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, पण ही लबाडी नव्हे. कर्ज आहे म्हणजे तिजोरी रिकामी, असं नसतं. पुढे किती येणं आहे, यावर क्लबची पत ठरते. २०२२च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाने ला लिगा या स्पॅनिश लीगमधून मिळणाऱ्या आपल्या टीव्ही उत्पन्नातला २५ टक्के वाटा २५ वर्षांसाठी ‘सिक्स्थ स्ट्रीट’ या गुंतवणूक कंपनीला विकला. पहिल्या १० टक्क्यांचेच २०.७५ कोटी युरो आले. शिवाय खरेदीची किंमत हिशेबात कराराच्या वर्षांवर विभागतात. लेवांडोव्स्कीचे सुमारे ४.५ कोटी चार वर्षांवर पसरले, म्हणजे वर्षाला सव्वा कोटीहूनही कमी. टीव्हीचं उत्पन्न वाढणारच आहे, मग बिघडलं कुठे, असं कोणी म्हणेल; पण वाटा टक्क्यांत विकल्यामुळे वाढीतलाही चौथा हिस्सा बाहेर जाणार. म्हणून मला हा सौदा महागाचा वाटतो. क्लब लगेच बुडेल अशी धास्ती नको. मात्र खरेदीची बातमी वाचताना पैसा नेहमीच्या कमाईतून आला की हक्क विकून, आणि उत्पन्नातला किती भाग पगारांवर जातो, हे आधी पाहा.