भीमाशंकरची वाट

मुलांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवला म्हणजे समुद्रकिनाऱ्याला समांतर गेलेली सह्याद्रीची रांग प्रथम नजरेत भरते. तिच्या पश्चिमेस कोकण व पूर्वेस देश. रेल्वे आणि मोटारीचे रस्ते होण्यापूर्वी या दोन प्रदेशांतील माणसे, गुरे आणि माल डोंगरातील अरुंद वाटांनी खालीवर जात असत. या वाटांनाच घाट म्हणतात. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खांडस या गावाहून पुणे जिल्ह्यातील भीमाशंकरला चढणारी वाट ही अशीच एक जुनी घाटवाट होय.

भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. पुण्याच्या बाजूने मंदिराच्या जवळपर्यंत मोटार जाते. मग सुमारे ३,००० फूट चढून पायी जाण्याचे कष्ट कोणी का घ्यावेत, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. मोटारीतून जाणारा यात्रेकरू देवाचे दर्शन घेऊन परततो. पायी जाणाऱ्यास मात्र देवाच्या दारापर्यंत पसरलेल्या अरण्याचेही दर्शन घडते.

खांडसहून वर जाण्यास दोन मार्ग आहेत. पहिला शिडीघाट. तो जवळचा, परंतु अतिशय बिकट. उभ्या कातळावर लोखंडी शिड्या लावलेल्या असून काही ठिकाणी खडकाच्या खोबणीत बोटे रोवूनच पुढे सरकावे लागते. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते, तेव्हा तर ही वाट जिवावरची ठरते. दुसरा गणेशघाट. तो लांबचा, पण त्या मानाने निर्धोक. एका वर्षी मार्गशीर्ष महिन्यात मी शाळेतील दहा-बारा मुलांना घेऊन या वाटेने गेलो होतो. शिड्यांची कीर्ती ऐकून मुलांना साहजिकच पहिल्या वाटेचा मोह पडला. तेव्हा आमच्याबरोबर आलेले खांडसचे एक वयस्क गृहस्थ हसून म्हणाले, "पोरांनो, शिडीवरून जाणाऱ्याला फक्त आपली बोटं दिसतात. तुम्हांला जंगल बघायचं आहे ना?" हा युक्तिवाद मुलांना पटला आणि आम्ही गणेशघाटाची वाट धरली.

प्रारंभीचे रान विरळ होते. साग, ऐन, पळस अशी झाडे दोन्ही बाजूंस उभी होती. सागाची वाळलेली रुंद पाने पायांखाली चुरचुरत होती. ऊन चढू लागले, तसे मुलांचे श्वास जड झाले. वाटेवरील गणपतीच्या लहानशा देवळापाशी थोडा विसावा घेऊन आम्ही पुन्हा चालू लागलो. उजवीकडे, डावीकडे वळणे घेत वाट वर चढत होती आणि प्रत्येक वळणावर खालची भातखाचरे अधिकाधिक लहान दिसत होती.

पहिली चढण संपताच आश्चर्य वाटले. डोंगर मध्येच थांबून सपाट झाला होता! अशा सपाट जागेस घाटमाथ्याचे लोक 'पदर' म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हारस वाहिला आणि त्याचे थरावर थर साचून हा प्रदेश बनला. पुढे ऊन, वारा व पाऊस यांनी हे थर झिजविले. कठीण थरांचे कडे झाले, मऊ थरांचे उतार व पदर झाले. सह्याद्रीला पायऱ्यांसारखा आकार आहे तो यामुळेच. पदरावर उभा असलेला पदरगडाचा उंच सुळका जुन्या काळी या घाटवाटांवर नजर ठेवीत असे.

पदर ओलांडून दुसरी चढण सुरू झाली आणि रानाचे रूपच पालटले. जांभूळ, आंबा, अंजनी अशा सदाहरित वृक्षांनी आकाश झाकून टाकले. भर दुपारी तेथे गारवा होता. वाटेवरच्या ओल्या मातीत भेकराच्या खुरांचे ठसे उमटलेले होते. दुरून रानकोंबड्याची आरोळी ऐकू आली. या अरण्यात सांबर, रानडुक्कर, साळिंदर व बिबट्या यांचाही वास आहे. परंतु माणसाची चाहूल लागताच ते दूर निघून जातात.

इतक्यात माथ्यावरच्या फांद्यांतून खडखडाट केल्यासारखा कर्कश आवाज आला. वाटाड्यांनी हात वर करून सर्वांना थांबविले. दाट पानांतून एक तांबूस-तपकिरी प्राणी बाहेर आला. पोट फिकट पिवळसर, शेपूट अंगाहूनही लांब आणि झुबकेदार. ते शेकरू होते, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी! एका मुलाने आनंदाने ओरडण्यासाठी तोंड उघडले होते. पण शेजारच्याने चटकन त्याच्या ओठांवर हात ठेवला. शेकरू फांदीच्या टोकापर्यंत धावत गेले, क्षणभर थांबले आणि पंधरा-वीस फुटांचे अंतर एका झेपेत तोडून पलीकडच्या झाडावर उतरले. ती फांदी कितीतरी वेळ हेलकावत होती.

"बाबा, ते खाली का उतरत नाही?" एका मुलीने हळूच विचारले.

वाटाडे म्हणाले, "त्याची वाट वरच आहे, बाळ. खाणं वर, घर वर, येणंजाणंही वरच. आपली वाट तुटली तर आपण वळसा घालतो. त्याची तुटली तर ते कुठून जाणार?"

मुले एकदम गंभीर झाली. शेकरू आपली सारी कामे झाडावरच करते. बारीक फांद्यांच्या टोकांशी काटक्या व पाने गुंफून ते गोल घरटे बांधते. एकाच शेकराची अशी अनेक घरटी असतात. जड शत्रूचा भार त्या फांद्यांना सोसत नाही, म्हणून पिले सुरक्षित राहतात. परंतु हे सारे झाडास झाड लागलेले असेल तरच शक्य आहे. मधली झाडे तोडून रुंद रस्ता किंवा मोकळे मैदान केले, की शेकराच्या दृष्टीने तेथे नदीला पूर येऊन पूल वाहून गेल्यासारखे होते.

हे अरण्य आजवर कसे टिकले? पूर्वीपासून येथील महादेव कोळी व इतर रहिवासी देवाच्या नावाने राखलेल्या देवराईत कुऱ्हाड चालवीत नसत. हिरड्याची फळे वेचून विकावीत, पण झाड राखावे, हा त्यांचा जीवनक्रम. पुढे १९८५ साली शासनाने येथे अभयारण्य स्थापन केले. भक्तीने राखलेल्या रानाला कायद्याचे संरक्षण लाभले. परंतु वाटसरूने मन घातले नाही, तर या दोन्ही गोष्टी अपुऱ्या पडतात. जवळचा मार्ग म्हणून नवी पायवाट पाडणे, प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकणे, मोठ्याने गाणी वाजविणे यांनीही रानाची हानी होते.

माथ्यावर पोहोचून आम्ही मंदिरात दर्शन घेतले. वसईच्या १७३९ सालच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी अर्पण केलेली घंटा मुलांनी कुतूहलाने पाहिली. सायंकाळी आम्ही नागफणीच्या टोकावर गेलो. पायांखाली खोल दरी, समोर पदरगडाचा सुळका, दूरवर माथेरानचे पठार आणि त्यापलीकडे मावळणारा सूर्य. येथे पडलेल्या पावसाचे पश्चिमेकडे ओघळणारे पाणी थोड्याच प्रवासानंतर अरबी समुद्रास मिळते. तर पूर्वेकडचे पाणी भीमा होऊन पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वाहते आणि सुमारे ८६० किलोमीटरांची वाट चालून कृष्णेला भेटते. त्या पाण्यावर किती गावांची शेते पिकतात! ते पाणी जमिनीत मुरविण्याचे आणि सावकाश सोडण्याचे काम माथ्यावरचे हे अरण्य करीत असते.

मुलांनो, कधीतरी तुम्हीही ही वाट चालाल. माहितगार माणूस बरोबर घ्या, पाणी पुरेसे ठेवा आणि पाऊल जपून टाका. आणि दाट सावलीत शिरलात, की एकदा वर पाहा. तुमच्या वाटेच्या वर आणखी एक वाट गेलेली आहे. ती अखंड राहील असे वागा.

स्वाध्याय

१. सह्याद्रीला पायऱ्यांसारखा आकार कशामुळे आला?
२. वाटाड्यांनी मुलांना शिडीघाटाऐवजी गणेशघाटाने का नेले?
३. 'त्याची वाट वरच आहे,' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
४. देवराई आणि अभयारण्य यांत साम्य कोणते व भेद कोणता, ते सांगा.
५. तुमच्या गावाजवळील टेकडी, राई किंवा नदीकाठ येथे जा. तेथे अर्धा तास शांत बसून जे दिसेल व ऐकू येईल, त्याचे दहा ओळींत वर्णन लिहा.