दवाखान्यातले ओळखीचे शब्द

दवाखान्यात अवघड शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच जास्त घात करतात. ‘क्रिएटिनिन’ ऐकल्यावर माणूस निदान विचारतो, हे काय म्हणून. ‘निगेटिव्ह’, ‘नॉर्मल’, ‘पिशवी’ हे शब्द मात्र समजल्यासारखे वाटतात. मग डॉक्टरांच्या ‘समजलं ना?’ला मान डोलावून सगळे बाहेर पडतात.

हिंगोली जिल्ह्यात त्यात रेफरची भर पडते. औंढा, सेनगाव, कळमनुरीकडचा रुग्ण आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग जिल्हा रुग्णालयात आणि आजार जड असला की नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जातो. टप्प्याटप्प्याला सांगणारा नवा, कागद बहुधा इंग्रजीत आणि सोबतचा नातेवाईकही कधी बदललेला.

क्षयरोगात थुंकी ‘निगेटिव्ह’ आली की आजार गेला, असे घरचे धरून चालतात. तपासलेल्या नमुन्यात जंतू दिसले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा नेहमीचा उपचार ६ महिन्यांचा असतो. पहिल्या २ महिन्यांत ताप-खोकला बहुधा ओसरतो, अंग धरते, आणि त्याच सुमारास ऊसतोडीला निघायची वेळ आली तर गोळ्या मागे राहतात. अर्धवट सोडलेल्या उपचारातून औषधांना न जुमानणारा क्षय उद्भवू शकतो. कर्करोगासाठी केलेल्या बायोप्सीत ‘पॉझिटिव्ह’ ऐकायला चांगले वाटले, तरी ती वाईट बातमी. छातीत दुखत असताना पहिला ईसीजी ‘नॉर्मल’ आला, तरी हृदयविकार नाही असे ठरत नाही.

चिठ्ठीवरच्या खुणा त्या मानाने सोप्या. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना आणि एसओएस गरज पडली तरच. मेडिकलवाल्याकडून पाकिटावर १-०-१ असे लिहून घेतले की बहुतेक काम भागते. मेथोट्रेक्सेटचे मात्र तसे नाही. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्त तयार होण्याचे काम मंदावते, जीवही जाऊ शकतो. तिच्या पाकिटावर वार मराठीतच हवा: ‘फक्त सोमवारी’.

‘पिशवी खराब झाली’ हे वाक्य तर शुद्ध मराठी आहे, पण त्यातून निदान काहीच कळत नाही. मराठवाड्यातच, बीडमध्ये, २०१९च्या सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणून पिशवी काढायला सांगितली, की आजाराचे नाव, शस्त्रक्रियेवाचूनचा उपाय, थांबल्यास होणारा धोका आणि अंडाशयही काढणार का, हे सहीआधी विचारायचे असते. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी स्पष्ट केले, की तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढायला लागू होत नाही. जिवावर बेतले असेल तर गोष्ट वेगळी.

खोलीतून निघण्यापूर्वी रुग्णाने किंवा सोबत्याने ऐकलेले आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगावे. गैरसमज तिथेच उघडा पडतो, आणि या कामाला फारसा वेळ लागत नाही. गर्दीच्या ओपीडीत तेही जमले नाही, तर आशाताईंकडे केसपेपर दाखवून नेमक्या कोणत्या शंका राहिल्या ते ठरवावे आणि पुढच्या खेपेला विचारावे. नांदेडला निघताना रेफरचे कारण एका ओळीत मराठीत लिहून घ्यावे. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ती मागणी तोंडी न ठेवता अर्जावर करावी आणि अर्जाची पोच घ्यावी.