माळ्यावर रजया ठेव, डिस्क नको

बेटा, परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, किती टीबीची डिस्क घेऊ?" टीबी तर दुकानदारही सांगेल, त्याचं पोटच त्यावर आहे. मला विचारशील तर नागपुरात डिस्क कंपनीच्या नावाने कमी आणि मे, जून, सप्टेंबर या तीन महिन्यांच्या कृपेने जास्त मरते. म्हणून मी सांगणार ते कुठे ठेवशील, कितीदा उतरवून ठेवशील आणि तू घरी नसताना ताईला, म्हणजे तुझ्या आईला, ते सापडेल का, याचं. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

१. आधी मोज, मग घे – आयफोनवर ४के, ३० फ्रेमचं एका मिनिटाचं चित्रण साधारण १७० एमबी होतं, म्हणजे तासाला १० जीबी. पोरीच्या वाढदिवसाला तू तीन तास फोन खाली ठेवत नाहीस हे मला ठाऊक आहे, तेव्हा वर्षाचा हिशेब कर आणि पाच वर्षं पुरेल एवढी घे.

२. १ टीबीची डिस्क लावल्यावर संगणक ९३१ जीबी दाखवेल, त्यावरून दुकानात वाद घालू नकोस – कंपनी हजाराच्या पटीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. चोरी कोणीच केलेली नाही.

३. एक मोठी घेण्यापेक्षा दोन बेताच्या घे – ८ टीबीची एकटी गेली तर सगळंच गेलं. ४ टीबीच्या दोनपैकी एक गेली तर सीताबर्डीच्या बाजारात जाऊन तिसरी आणायची, एवढंच. एकुलत्या प्रतीला दृष्ट लवकर लागते.

४. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर – हा ३-२-१ चा हिशेब पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केला. फोटो हेच ज्याचं पोटपाणी, त्याचं या बाबतीत ऐकावं.

५. दोन डिस्कच्या नॅसमध्ये (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीत) दोन्हीवर तेच लिहिलं जातं, म्हणून प्रत झाली असं समजू नकोस – चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून एकाच क्षणी जातो आणि खंडणी मागणारा व्हायरस दोन्हींना कुलूप घालतो. एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहतं, एवढाच त्याचा उपयोग. तो कमी नाही, पण बॅकअप नव्हे.

आता पाण्याचं. हे थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक विसरायला लागले आहेत. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि ज्या नदीवरून गावाला नाव मिळालं, पण जिला आपण एरवी नाला म्हणतो, ती नाग नदी लोकांच्या दिवाणखान्यात आली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी इथले तळमजले पाण्यात. मोरभवनचा बस स्टँडही पाण्यात. माणसं झोपेत होती. अशा वेळी माणूस आधी म्हातारी आई उचलतो, पोरं उचलतो. टेबलाखालचा सीपीयू कोण उचलणार, आणि काहून उचलावा?

६. सीपीयू, राउटर, नॅस, एक्स्टेन्शन बोर्ड – काहीही जमिनीवर नको, कमरेच्या वर हवं. पाणी सगळ्यात आधी तिथेच येतं, आणि ते आलं नाही तरी फरशी पुसणारी बाई रोज येतेच.

७. घराबाहेरची प्रत शेजाऱ्याकडे ठेवू नकोस, दुसऱ्या वस्तीत ठेव – शेजाऱ्याची डिस्क तुझ्याच पुरात भिजते. आमचं घर उंचावर आहे, दुसऱ्या मजल्यावर आहे, कपाट रिकामं आहे आणि मी भाडं घेणार नाही. दोन घरी ठेवलेलं एका पुरात जात नाही.

८. भिजलेली डिस्क "चालते का पाहू" म्हणून लावू नकोस, तांदळाच्या डब्यातही खुपसू नकोस – ओल्या सर्किटला वीज मिळाली की शॉर्ट होतं आणि आत गाळ गेला असेल तर फिरणारी तबकडी खरवडली जाते. तशीच नेऊन डेटा काढणाऱ्याच्या हाती दे.

९. उन्हाचं म्हणशील, तर माळ्यावर रजया ठेव, डिस्क नको – २३ मे २०१३ ला आपल्या गावात ४७.९ अंशांची नोंद झाली होती, ती सावलीतली. तापलेल्या स्लॅबखालच्या माळ्याचं मोजमाप कोणी केलं आहे? साध्या हार्ड डिस्कची चालताना सोसायची हद्द ६० अंशांच्या आसपास असते.

१०. सगळ्यात थंड जागा शोध: आतल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट, मधला कप्पा – पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते, हात लावून पाहा. पावसाळ्यात डिस्कच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक.

११. एसएसडीवर प्रत करून ती दोन-तीन वर्षं विसरून जाऊ नकोस – घरगुती एसएसडीसाठी जेडेक या संस्थेचं मानक एवढंच मागतं, की ती पुरती वापरून झिजल्यावर ३० अंशांत, वीज न मिळता, एक वर्ष डेटा धरून ठेवावा. गरमी वाढली की मुदत घटते. नवी असेल तर जास्त टिकते, पण कपाटातल्या प्रतीला जुन्या वळणाची फिरती हार्ड डिस्कच बरी. तीही सहा महिन्यांनी एकदा लावून दोन-चार फायली उघडून पाहायची.

१२. कूलरच्या तोंडासमोर संगणक नको – वाळ्यातून येणारी हवा आपल्याला गोड लागते, पण ती ओली असते आणि बोअरच्या पाण्याचे क्षार सोबत आणते. मग सर्किटवर पांढरी पूड दिसते. आणि कूलरची मोटर ज्या बोर्डावर, त्या बोर्डावर नॅस नको.

१३. मार्चमध्ये कूलरला नवा वाळा बसवतोस, त्याच रविवारी सीपीयू उघडून धूळ काढ – एकाच वेळी घर घाण होतं, बायकोची बोलणी एकदाच बसतात. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, नाहीतर तो गरगरून बेअरिंग खराब करतो.

१४. मे महिन्यात डिस्क गाडीत विसरलास तर घरी आणून लगेच लावू नकोस – आधी तासभर पंख्याखाली निवू दे. तुलाही निवायला तेवढा वेळ लागतोच.

१५. आता विजेचं: संगणक घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घे, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकत जा – माती सुकली की अर्थिंग नावापुरतं उरतं, आणि स्पाइक गार्ड त्याच्याच भरवशावर असतो.

१६. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि इको असं बटण असतं, ते यूपीएसवर ठेव – इकोत वीज बदलायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात डिस्कचं लिहिणं अर्धवट राहतं. नॅसला स्वतःचा छोटा यूपीएस दिलास तर आणखी बरं.

१७. रोहिणीचं पहिलं गडगडलं की प्लग काढ, आणि राउटरकडून येणारी लॅनची वायरही काढ – वीज तांब्याच्या कोणत्याही तारेने येते, प्लगचंच निमंत्रण लागत नाही.

१८. जुन्या डेस्कटॉपचा घरगुती सर्व्हर करायची हौस आहे ना तुला? कर, पण रात्री बंद कर – ८० वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला जवळपास ५८ युनिट. दोन डिस्कचं नॅस २० वॉट धर, तर १४. महावितरणचा दर १०० युनिटनंतर चढतो, आणि एप्रिल-मेमध्ये कूलरच ते शंभर खातो.

दुकानातल्या गोष्टी आता भराभर सांगतो.

१९. नॅससाठी डिस्क घेताना "सीएमआर की एसएमआर?" एवढं विचार – एसएमआरमध्ये लिखाणाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, त्यामुळे पुन्हा लिहिताना ती फार मंद होते आणि बिघडलेल्या जोडीदाराच्या जागी बसवताना घात करते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या काही रेड डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या, तेव्हा जगभर ओरड झाली आणि कंपनीला यादी जाहीर करावी लागली. नुसती कपाटातली प्रत असेल तर एसएमआर चालते.

२०. लग्नाचा व्हिडिओवाला मखमली डबीत पेन ड्राइव्ह देतो, ती डबी जपून ठेव आणि आतलं त्याच रात्री दोन डिस्कवर उतरव – पेन ड्राइव्ह नेण्या-आणण्यासाठी असते, सांभाळण्यासाठी नाही. मूळ चित्रणही माग. तो थोडा कुरकुरेल.

२१. अनोळखी साइटवर १६ टीबीची एसएसडी दोन हजारांत दिसली तर पुढे हो – आत छोटं कार्ड असतं आणि मापाचा आकडा खोटा. भरलं की आधीचं पुसत जातं. शंका आली तर एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने पूर्ण भरून तपास.

२२. केबल सोबत आलेलीच वापर आणि निळ्या पोर्टात लाव – जुन्या यूएसबी २ वर सेकंदाला ३०-४० एमबी मिळतात, तेवढ्यात पोट्टे कंटाळून वायर ओढतात. घाईच्या वायरीला महिन्याची रिकव्हरी.

२३. बिलाचा आणि डिस्कवरच्या सिरियल नंबरचा फोटो दुकानातच काढ – थर्मल कागद आपल्या उन्हात पांढरा होतो, आणि बिल उडालं की वॉरंटी परकी. शिवाय वॉरंटीत नवी डिस्क मिळते, जुने फोटो नाहीत.

२४. लॅपटॉपवरचा पहिला आकडा पाहून हुरळू नकोस – एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा वाच: रायझेन ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे आतली रचना झेन २, जी २०१९ ची. नाव नवं, बियाणं जुनं.

२५. रॅम वाढवता येते की बोर्डावर डाग देऊन बसवली आहे, हे पैसे देण्याआधी विचार – डाग दिलेली असेल तर आजच लागते त्याच्या दुप्पट घे. डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही. जोर लावू नकोस, बाप्पा.

२६. "थांबू का, स्वस्त होईल?" हा प्रश्न सोड – २०११ च्या शेवटी थायलंडच्या पुरात कारखाने बुडाले आणि इथे हार्ड डिस्क महागल्या; २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी पळवली आणि रॅम कडाडली, इतकी की डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल हा घरगुती ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. थायलंडचं पाणी नि अमेरिकेचं डेटा सेंटर तुझ्या हातात नाही. गरज लागली की घे, आणि घेतल्यावर महिनाभर भाव बघू नकोस.

२७. दुकानातलं संपलं, आता घरातलं: विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, पण म्हणून चांगला संगणक भंगारात काढू नकोस – विंडोज ११ चालत नसेल तर लिनक्स टाक, गाणी-सिनेमे त्यावर छान चालतात. विंडोज १० तसंच ठेवलंस तर बँकेचं काम मात्र त्यावर करू नकोस.

२८. ताईच्या लग्नाची कॅसेट या पावसाळ्याआधी उतरवून घे – व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये हात वर केले. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर चालवू नकोस, नाहीतर डोकं बिघडतं – मशीनचं, आणि मग तुझंही.

२९. फोल्डरचं नाव वर्षापासून सुरू कर: "२०२३-११ दिवाळी, अमरावती" – मग आपोआप क्रमाने लागतात. "न्यू फोल्डर ७ फायनल" म्हणणाऱ्याचं कधी फायनल होत नाही.

३०. गुगलवर आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस – १ जून २०२१ पासून फोटोही १५ जीबीत मोजतात, आणि दोन वर्षं न उघडलेलं खातं ते पुसू शकतात. तुझ्या आजोबांचं खातं शेवटचं कोणी उघडलं?

३१. टीव्हीला लावायच्या डिस्कवर मोठा सिनेमा कॉपीच होत नसेल तर ती बदलू नकोस, तिची मांडणी बघ – एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. आतला डेटा हलवून एक्सफॅट कर, पण टीव्हीला ते वाचता येतं का आधी पाहा.

३२. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नको ते गावाबाहेर घालवायला गाव मारबत काढतं, त्या दिवशी तू फोनमधले गुड मॉर्निंग आणि एकाच केकचे चाळीस फोटो काढून टाक – वर्षातून एकदा केलं तर अर्ध्या मापाची डिस्कही पुरते. ठेवायचं की नाही यावर घरात भांडण झालं तर ठेव.

३३. कोणती डिस्क कुठे, पासवर्ड काय, हे वहीत हाताने लिही आणि वही ताईच्या कपाटात ठेव – तू पुण्याला गेल्यावर फोन मलाच येतो, आणि मला तुझा पासवर्ड माहीत नाही.

३४. जुनी डिस्क भंगारवाल्याच्या ठेल्यावर टाकू नकोस – फॉरमॅट मारलेलं परत काढता येतं. पूर्ण शून्याने लिहून घे, बिघडली असेल तर चकत्यांना ड्रिलने भोक पाड, आणि ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात दे. आतले चुंबक मात्र काढून आण, तुझ्या मामीला फ्रिजवर यादी लावायला हवेत.