डोंगरी मुलखातील सामुदायिक नभोवाणी

डोंगरातील शेतकऱ्यास हवामानाचा अंदाज मिळत नाही असे नाही. तो मिळतो, परंतु पुष्कळदा तो दुसऱ्याच्याच शेताचा असतो. एक हजार मीटर उंची चढली की तपमान सरासरीने साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. उत्तराखंडात एकाच खोऱ्यात नदीकाठी भाताची खाचरे असतात, मधल्या उतारावर नाचणीच्या पायऱ्या असतात आणि माथ्याकडे सफरचंदाच्या बागा असतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावरचे बर्फ वितळून जमीन नांगरणीस येते, तेव्हा समोरचा उत्तराभिमुख उतार अजून गारठलेलाच असतो. भारतीय हवामान विभाग कृषी विद्यापीठांच्या साहाय्याने दर मंगळवारी व शुक्रवारी जिल्हावार कृषी सल्ला प्रसिद्ध करतो. तो शास्त्रशुद्ध असतो यात शंका नाही. तथापि ‘जिल्हा’ हा शब्द मैदानात जेवढा उपयोगी पडतो, तेवढा डोंगरात पडत नाही. तेथे शेतीचे खरे परिमाण म्हणजे खोरे. खोऱ्यापुरते बोलणारे साधन हवे असेल, तर सामुदायिक नभोवाणी हे त्यांपैकी एक होय.

या नभोवाणीच्या मर्यादेतच तिचे सामर्थ्य आहे. तिच्या एफ. एम. लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगराची धार आडवी आली की पलीकडे आवाज क्षीण होतो किंवा मुळीच पोचत नाही. आकाशवाणीच्या मध्यम लहरी जमिनीच्या चढउतारास काहीशा वळसा घालून दूरवर जाऊ शकतात, एफ. एम.ला ते साधत नाही. शिवाय सामुदायिक केंद्राच्या प्रक्षेपणशक्तीवर सामान्यतः १०० वॅटची मर्यादा आहे. विशेष परिस्थितीतच २५० वॅटपर्यंत अनुज्ञा मिळते. म्हणजे सपाट प्रदेशातही सुमारे दहा किलोमीटरचा टापू. परंतु ज्या धारेपाशी आवाज थांबतो, त्याच धारेपाशी पुष्कळदा पाणलोट, बाजाराची वाट आणि बोलीसुद्धा बदलते. श्रोता व निवेदक एकाच पावसात भिजतात, हे मोठ्या केंद्रास कधीही साधणारे नाही.

नैनिताल जिल्ह्यातील सूपी या गावी २०१० साली ‘कुमाऊँ वाणी’ हे केंद्र सुरू झाले. ऊर्जा व पर्यावरण या विषयांत काम करणाऱ्या ‘टेरी’ या संस्थेने ते स्थापन केले. सूपीचा परिसर फळे, वाटाणा व बटाटा यांचा. तेथे वसंतात मोहोरावर पडणारी गारपीट किंवा ढगाळ, दमट हवेत बटाट्यावर येणारा करपा यांचा विषय निघाला, तर प्रत्येक घराचा त्याच्याशी संबंध असतो. करप्यावरील औषध रोग दिसण्यापूर्वी फवारल्यास खरा उपयोग होतो. दोन दिवस उशिरा आलेली सूचना ही सूचना न आल्यासारखीच.

केंद्रावरून कुमाऊनी व हिंदी अशा दोन्ही भाषा ऐकू येतात. हा केवळ आपुलकीचा प्रश्न नव्हे. आपण जिला नाचणी म्हणतो, तिला कुमाऊँत मडुवा व गढवालात कोदा म्हणतात. ‘रागी’ असा उच्चार करून दिलेला सल्ला डोंगरातील वृद्ध शेतकरीण स्वतःच्या पिकाविषयी आहे असे समजेलच, याची खात्री नाही. ‘शेतकरीण’ हा शब्द येथे मुद्दाम योजिला आहे. पुरुषमंडळी रोजगारासाठी मैदानात उतरल्यामुळे डोंगरातील शेतीचा मोठा भार स्त्रियांवर आहे. गवत, सरपण व पाणी आणण्यात त्यांचा दिवस जातो. कार्यक्रमाची वेळ कचेरीच्या सोयीने ठरली, तर तो ऐकणारे कोणी उरत नाही.

तथापि आवाज पोचला म्हणजे सल्ला पोचला असे होत नाही. याचा धडा महाराष्ट्रात फार पूर्वीच मिळाला आहे. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत नभोवाणी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. गावातील मंडळी तो एकत्र बसून ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत आणि प्रश्न केंद्राकडे पाठवीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पाहणी केली, तेव्हा मंडळे असलेल्या गावांतील ज्ञानवृद्धी ही नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा पुष्कळच अधिक आढळली. यंत्र दोन्हीकडे होते. फरक बैठकीचा होता. पुढे ही मंडळे ओसरली. आजच्या सामुदायिक केंद्रांच्या चालकांनी हा प्रयोग अवश्य अभ्यासावा.

संकटकाळी या साधनाचे मोल वेगळ्याच प्रकारे लक्षात येते. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या परिसरात ढगफुटीसारखा पाऊस व हिमतलावाचा फुटवा यांनी मंदाकिनी खोरे उद्ध्वस्त केले. रस्ते व पूल वाहून गेले, दूरध्वनी बंद पडले. २०१४ साली रुद्रप्रयाग जिल्ह्यात ‘मंदाकिनी की आवाज’ या केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले. नेपाळात १९९७ सालीच ‘रेडिओ सगरमाथा’ने स्वतंत्र नभोवाणीची वाट पाडली होती. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तेथील अनेक खेड्यापाड्यांतील केंद्रांच्या इमारती पडल्या. काहींनी तंबूतून प्रक्षेपण चालू ठेविले. वीज नसतानाही दोन सेलांचा ट्रान्झिस्टर चालतो, ही गोष्ट अशा वेळी साधी राहत नाही. अर्थात केंद्रालाही वीज लागते. सौर पट्ट्या, पुरेशा बॅटऱ्या आणि वीजनिवारक यांवर खर्च न करता उंच जागी मनोरा उभारणे म्हणजे पहिल्याच वळवाला यंत्र अर्पण करणे होय.

भारतात कृषी विज्ञान केंद्रे, कृषी विद्यापीठे व सेवाभावी संस्था यांना असा परवाना घेण्याची मुभा २००६ च्या धोरणाने मिळाली. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक असावेत, असा नियम आहे. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत; मात्र हवामान, वीजपुरवठा, आरोग्य व नैसर्गिक आपत्ती यांविषयीची माहिती देता येते. २०२४ च्या सुधारित नियमांनी परवान्याची मुदत दहा वर्षे केली आणि जाहिरातीस तासाला बारा मिनिटे दिली. ही सवलत स्वागतार्ह असली, तरी विरळ वस्तीच्या खोऱ्यात जाहिरात देणार कोण, हा प्रश्न शिल्लकच राहतो. तयार झालेला तरुण निवेदक शहरात निघून गेला की केंद्राची निम्मी शक्ती त्याच्याबरोबर जाते.

महाराष्ट्रात म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ व बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ ही उदाहरणे आहेत. पण ती मोकळ्या मुलखातील. सह्याद्रीच्या मावळपट्ट्यात किंवा सातपुड्यात केंद्र काढावयाचे झाल्यास जागेची निवड अधिक काटेकोरपणे करावी लागेल. मनोऱ्यास जमिनीपासून तीस मीटर उंचीची मर्यादा असल्याने उणीव जागेनेच भरून काढावी लागते. नियोजित जागी रात्री उभे राहून कोणकोणत्या वाड्यांचे दिवे दिसतात, त्याची यादी करावी. जेथला दिवा दिसतो, तेथे आवाज बहुधा पोचतो. जे दिसत नाहीत, त्या पाड्यांसाठी निराळी व्यवस्था योजावी. परवाने मिळण्यापूर्वीच्या काळात टिहरीकडील हेंवल खोऱ्यातील तरुण आपले कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून गावोगाव नेऊन ऐकवीत. धारेपलीकडच्या वस्तीकरिता तो मार्ग आजही खुला आहे. मात्र तेथे जाणाऱ्याने येताना त्या वस्तीचे प्रश्नही ध्वनिमुद्रित करून आणावयाचे असतात.