तांबडी दूध देते ना?

धाकट्यानं विषय काढला तेव्हा मी भाकरी थापत होते. "आई, इटलीत द्राक्षाच्या सीझनला माणसं लागतात. पाच-सहा महिन्यांचं काम असतं. मी जाऊ का?"

माझ्या तोंडून पहिलं काय निघालं? "लोकांच्या रानात मजुरी करायला तुला शेतीचा डिप्लोमा करायला लावला होता का?"

तव्यावरची भाकरी करपली. पोरगं ताटावरून उठलं. पुढचे चार दिवस आमच्या घरात फक्त टीव्ही बोलत होता.

आपण सगळेच असं करतो, नाही का? पोरानं तोंड उघडायचा अवकाश, आपलं उत्तर तयार. दिवसभर बागेत राबून अंगात त्राण उरलेलं नसतं, त्यात पोटात भीती. ती भीती बाहेर पडते ती रागाचं सोंग घेऊनच.

चार दिवसांनी थोरल्याकडून कळलं, हा परस्पर एका एजंटकडे जाऊन आला होता. सात लाख सांगितले होते त्यानं. शिवाय पासपोर्ट "ऑफिसात जमा" करायचा होता. घरात बोलायची सोय ठेवली नाही, म्हणून पोरगं बाहेर बोलायला गेलं. चूक माझीच.

मग एका रात्री ओट्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि मुद्दाम तोंड मिटून ठेवलं. अवघड गेलं, पण ठेवलं. हळूहळू बोलायला लागला. अवकाळीनं दोन वर्षं बाग झोडपली. सोयरिकीला पाहुणे येतात, घर बघतात, बाग बघतात, चहा घेतात आणि विचारतात, "बाकी, मुलगा नोकरीला कुठं असतो?" तेवीस वर्षांचं पोरगं ते. छाटणी, विरळणी, ट्रॅक्टर, फवारणी, सगळं हातात आहे, आणि त्या हाताला कुठंच किंमत नाही असं त्याला वाटत होतं. मला वाटलं होतं पोरगं पैशाला भुललं. त्याला नुसता पैसा नको होता, कुणीतरी "याला काम येतं" म्हणायला हवं होतं.

शेवटी म्हणाला, "मजुरीची लाज वाटते तुला. पण आपल्याकडं विरळणीला पेठ-सुरगाण्याची टोळी येते, ती पोरंही कुणाच्या तरी घरचीच ना? ती कुठं झोपतात, माहितीय तुला?"

माहीत होतं. आणि नव्हतंही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले. माल काढणीला येईपर्यंत क्रेट रिकामेच असतात. टोळीतल्या एकोणीस वर्षांच्या पोरानं आठ क्रेट पालथे मांडून त्यावर गोणपाट टाकलं होतं, तीच त्याची खाट. अख्ख्या शेडमध्ये प्लग एकच, त्याला लागलेल्या वायरीभोवती सहा मोबाइल. न्हाणीच्या दाराला कडी नाही, सुतळी बांधलेली. निफाड तालुक्यात आमच्या शेडला लोक चांगलं म्हणतात बरं का. इतकी वर्षं मी त्या पोरांना चहा दिला, पण "रात्री थंडी वाजते का रे?" हे कधी विचारलं नव्हतं.

तिथं उभी राहिले आणि धाकट्यासाठी काय काय विचारायला हवं ते आपोआप सुचत गेलं. एका खोलीत किती जण? खोलीचं भाडं पगारातून कापणार का? पाऊस लागून काम बंद पडलं तर त्या दिवसाचं काय? आजारी पडला तर दवाखान्यात कोण नेणार? हे प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही. आपल्या शेडमध्ये जाऊन उभं राहिलं की पुरतं.

मग आम्ही दोघं मिळून माहिती काढायला बसलो. तो मोबाइलवर वाचायचा, मी हरभरे सोलत ऐकायचे. भारत आणि इटली यांच्यात 2023 च्या नोव्हेंबरात करार झाला आहे, त्यात हंगामी कामगारांसाठी वेगळा कोटा धरला होता. हंगामी परवाना जास्तीत जास्त 9 महिन्यांचा. म्हणजे वाट सरळ मार्गाची आहे, पोराच्या डोक्यात काही खूळ शिरलेलं नव्हतं. पण तिथल्या मालकाला आधी सरकारकडून परवानगी काढावी लागते, मग इथं व्हिसा. आणि फसगत होते ती इथंच. कागदावरचा मालक तिथं गेल्यावर भेटतच नाही, किंवा भेटतो आणि कामावर घेत नाही. अनेकांचं असं झालं आहे. मग बिनकागदाचं पोरगं मिळेल त्याच्या हाताखाली राबतं.

तिकडच्या मुकादमाला म्हणे 'कापोराले' म्हणतात. माणसं गोळा करायची, शेतावर पोचवायची आणि त्यांच्या मजुरीतून आपला वाटा काढायचा. या पिळवणुकीविरुद्ध इटलीनं 2016 मध्ये कडक कायदा केला. तरी 2024 च्या जूनमध्ये लातिना भागात सतनाम सिंग नावाचा आपला पंजाबी तरुण शेतावरच्या यंत्रात सापडला, त्याचा हात तुटला. दवाखान्यात न्यायचं सोडून त्याला घराजवळ टाकून दिलं. तो वाचला नाही. त्याच्याकडं कामाचा करार नव्हता.

हे वाचून मी म्हटलं, "बास. विषय संपला." धाकटा शांतपणे म्हणाला, "आई, कागद नव्हता म्हणून झालं ते. कागद असल्याशिवाय मी जाणार नाही." त्या क्षणी तो माझ्यापेक्षा शहाणा होता. असं कधीकधी होतं, मान्य करायला जड जातं एवढंच.

आता पैशाचं. आमचे हे पहिल्यांदा म्हणाले, "दीड एकर गहाण टाकू, पोराचं भलं होतंय ना!" बापाचं काळीज, दुसरं काय. पण उचलीचं गणित आपल्याला कुणी शिकवायला नको. बीडकडची ऊसतोडीची जोडपी मुकादमाकडून उचल घेतात, आणि मग कितीही त्रास झाला तरी फड सोडून येता येत नाही. आपण रान गहाण टाकून पोराला पाठवलं, तर ती उचलच झाली. फरक एवढाच, ती आपण आपल्या हातानं त्याच्या डोक्यावर ठेवली. असं पोरगं फोनवर "सगळं मस्त आहे" हेच सांगणार. "मला परत यायचंय" हे तीन शब्द त्याला जमणारच नाहीत.

म्हणून आम्ही ठरवलं, बुडाले तरी घर चालेल एवढेच पैसे घालायचे. सातबारा कुणाकडं द्यायचा नाही. शोधताना हेही कळलं की परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटला 1983 च्या कायद्याप्रमाणं सरकारी नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर बघता येते, आणि त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. सात लाखवाल्याला आम्ही फोनवर नोंदणी क्रमांक विचारला. "पाठवतो" म्हणाला. अजून पाठवतोय.

दुसऱ्या वाटाही बघतोय. ब्रिटनमध्ये फळं-भाज्यांच्या तोडणीचा व्हिसा जास्तीत जास्त 6 महिन्यांचा असतो आणि तो ठरावीक मान्यताप्राप्त संस्थांमार्फतच मिळतो. ऑस्ट्रेलिया 18 ते 30 वयाच्या भारतीय मुलांसाठी वर्षाला 1,000 जागांची सोडत काढतं, त्या व्हिसावर शेतावर काम करता येतं. पण इंग्रजी पाहिजे. आमच्याकडं पहाटे गोठ्यात इंग्रजी सुरू झालं आहे. म्हशीला कळतं की नाही माहीत नाही, पण ती तक्रार करत नाही.

एक गोष्ट मात्र आधी करून ठेवा असं मनापासून सांगेन. पोरगं अडचणीत असतं तेव्हा शेजारी नेमकं कुणीतरी उभं असतं, मोकळं बोलता येत नाही. म्हणून आम्ही एक खूण ठरवली. आमची तांबडी गाय दोन वर्षांपूर्वी विकली. "तांबडी दूध देते ना?" असं विचारलं की समजायचं, काहीतरी बिघडलंय. पुढं प्रश्न नाहीत, ओरडा नाही, "सांगितलं होतं ना तुला" तर अजिबात नाही. त्याला परत आणायच्या मागं लागायचं.

शेडमध्ये धाकट्यानं सहा प्लगचा बोर्ड बसवला. कडी मी बसवून घेतली.

परवा तो पासपोर्टच्या कामाला नाशिकला गेला होता. रात्री नऊला फोन. "आई, तांबडी दूध देते ना?"

माझे हातपाय गार पडले. "काय झालं रे?"

"शेवटची एसटी चुकली गं. दादाला गाडी घेऊन पाठव."

ओरडा अगदी ओठांवर आला होता. तो गिळला आणि थोरल्याला उठवलं.